हरळी लावणाऱ्याची नोकरी

आमच्या पोखर्णीकडच्या शिवारात हरळी हे गवताचं नाव कमी आणि शिवी जास्त आहे. काळ्या रानात ती एकदा घुसली की पिकाच्या वाटणीचं सगळं तीच खाते. वडील भर उन्हाळ्यात कुदळीनं तिच्या काशा, म्हणजे खोलवरच्या मुळ्या, खणून काढायचे, बांधावर वाळत घालायचे आणि वाळल्या की पेटवून द्यायचे. तरी पाऊस झाला की ती पुन्हा हजर. अशा माणसाच्या पोटी जन्मून मी आयुष्यभर हरळी लावली, तिला खत घातलं, पाणी पाजलं आणि तिच्यावर घर चालवलं. मी फुटबॉलची मैदानं सांभाळायचो.

गावात हे सांगणं अवघड जायचं. "फुटबॉलमधी होतास म्हंजी खेळत होतास का?" हा पहिला प्रश्न. नाही म्हटलं की, "मंग काय करीत होतास?" गवत वाढवत होतो म्हटलं की समोरचा पावसापाण्याचं बोलायला लागायचा. वडिलांना एकदा मी मुद्दाम मैदान दाखवायला नेलं. ते कडेला उकिडवे बसले, गवत मुठीत धरून चाचपलं आणि म्हणाले, "आमी जल्मभर उपटली आन् ह्यो पगार घेऊन लावायलाय." आवाजात राग नव्हता. आत पाय टाकण्याआधी चपला मात्र त्यांनी बाहेर काढून ठेवल्या.

यंदा राष्ट्रीय व्यावसायिक लीगचा रौप्यमहोत्सव झाला. सुरुवातीच्या हंगामांत काम केलेल्या लोकांना शोधून शोधून बोलावणं सुरू होतं. मलाही फोन आला. बोलणारी मुलगी गोड होती. "सर, सोबत एका व्यक्तीला आणू शकता," म्हणाली. बायकोला विचारलं, तर तिनं गुडघ्याला लावायचं तेल पुढं केलं आणि म्हणाली, "मला कुठं नेताय? तुमाला कोणाला न्यायाचंय ते मला ठावं हाय."

तिला खरंच ठाऊक होतं. मला गयाबाईला न्यायचं होतं. का, ते कळायला आधी आमचं काम थोडं समजून घ्यावं लागेल.

टीव्हीवर मैदान दिसतं ते हिरव्या सतरंजीसारखं. पण खेळाडू गवतावर पळतात हे अर्धंच खरं. ते पळतात मातीवर, गवत फक्त ती माती धरून ठेवतं. आपली परभणीची काळी माती या कामाला अगदी नालायक. भिजली की बुटाला चिकटून येते, वाळली की हात जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हणून मैदानाला खाली खडी, वर वाळू मिसळलेली लाल माती आणि त्यावर हरळी. का हरळी? जी गोष्ट वडिलांच्या जिवावर यायची तीच. तुडवली तरी मरत नाही. संध्याकाळी बावीस जणांच्या बुटांनी तिची चाळण केली तरी चार दिवसांत पुन्हा डोकं वर काढते. बाकी आमचं काम म्हणजे कापणं, टोचणं आणि पाणी काढणं. टोचणं म्हणजे काट्यानं जमिनीला भोकं पाडणं, मुळांना हवा मिळावी म्हणून. आणि पाणी काढणं हे सगळ्यात महत्त्वाचं. मैदान मधे किंचित उंच असतं, पाणी कडेच्या नालीत उतरतं आणि नालीतून बाहेर जातं. साचलेल्या पाण्यात चेंडू थांबतो ते एक वेळ चालेल, पण पळणाऱ्या माणसाचा पाय रुततो आणि अंग पुढं जातं, ते वाईट.

गिऱ्हाइकंही एकेक. आमचा एक गोलकीपर प्रत्येक सामन्याआधी बुटाच्या टाचेनं गोलसमोर रेघ उकरायचा, त्याला म्हणे गोलचा मध्य सापडत नसे. मी हाफ टाइमला जाऊन ती बुजवायचो, तो पुन्हा उकरायचा. वर्षभर आमचं हे चाललं, कधी एका शब्दानं भांडलो नाही. एका पुढाऱ्यानं सभेसाठी मैदानावर खुर्च्या टाकल्या होत्या. लोकांना भाषण विसरायला एक दिवस पुरला असेल, गवताला त्या खुर्च्यांचे पाय विसरायला अख्खा पावसाळा लागला.

तर गयाबाई. मी किनाऱ्यावरच्या एका शहरातल्या क्लबच्या मैदानावर होतो. तिथं कामाला माणसं टिकत नसत. मैदानाचं काम दिसायला हलकं, पण दिवसभर वाकून. एका दिवाळीत गावी आलो तेव्हा पालमच्या स्टँडवर ट्रक भरताना पाहिला. ऊसतोडीला निघालेली माणसं, भांडीकुंडी, शेरडं. त्यात नवरा वारल्यावर एकटीच कोयता धरणारी, माझ्या मावशीच्या गावची गयाबाई होती. मी मावशीकरवी निरोप दिला, बारमाही काम आहे, राहायला खोली आहे, येत असाल तर या. ती लेकीला घेऊन आली. पहिल्या दिवशी मैदान बघून तिनं विचारलं, "एवढ्या रानात पेरायचं काय?"

"काहीच नाही. हे असंच राखायचं."

"आन् ह्ये कोण खातंय?"

"कुणी खात नाही."

ती खूप वेळ हसली. पण महिन्याभरात तिला मैदानाचं सगळं कळायला लागलं. कुठं पाणी मुरत नाही, कुठं कीड लागली, हे ती अनवाणी चालून सांगायची. फुटबॉल तिला शेवटपर्यंत नीटसा कळला नाही. गोल झाला की गोंगाटावरून ओळखायची. सामना चालू असताना आम्ही खेळाडूंच्या वाटेशेजारी बाकावर बसायचो. सगळे चेंडूकडे बघत, आणि ती पायांकडे.

कोच होते बर्नार्ड सर. साठीच्या आसपासचे, किडकिडीत, आवाज मात्र अख्ख्या मैदानाला पुरेल असा. त्यांची माझी मैत्री म्हणता येणार नाही, पण रोज सकाळी ते माझ्याआधी मैदानावर हजर असत आणि मी आलो की "आज काय म्हणतंय तुझं पीक?" असं विचारत.

त्या हंगामात आमचा संघ धडपडत होता. लीगमध्ये तळाला राहणारे संघ खालच्या गटात जातात. खाली गेलं की जाहिराती जातात, प्रेक्षक जातात, मालकाचा रस जातो. सगळ्यांना ते दिसत होतं. त्यातच पावसाळी हवेत, सरावाच्या वेळी आमच्या रोनी नावाच्या तरुण खेळाडूचा पाय मोडला. सरावाचं मैदान भाड्याचं होतं, ते राखायला आमच्याकडे नव्हतं. एका खळग्यात पाणी साचलेलं, रोनी वळायला गेला, पाय तिथंच राहिला. त्या दिवशी गयाबाई तिकडं बादल्या परत आणायला गेली होती. तीच पहिली धावली. दवाखान्याची गाडी येईपर्यंत त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तो त्याच्या भाषेत आईला हाका मारत होता आणि ही तिच्या भाषेत "हाय रं बाळा, हितंच हाय" म्हणत होती. बर्नार्ड सर जवळ उभे होते, टोपी हातात घेऊन. रोनी पुन्हा लीगमध्ये खेळला नाही.

हंगामाचा शेवटचा सामना आमच्या मैदानावर होता. बरोबरी झाली असती तरी आम्ही वाचत होतो. समोरचा संघ पळण्यात पटाईत. त्यांचे दोन्ही कडेचे खेळाडू वारा प्यायल्यासारखे. सामन्याच्या आधी सलग पाऊस लागला. आमच्या मैदानाची एक खोड होती. गॅलरीच्या बाजूची नाली खाडीत उतरायची. भरतीच्या वेळी खाडीचं पाणी उलटं आत येऊ नये म्हणून तिच्या तोंडाशी वाळूची पोती लावावी लागत आणि ओहोटी लागली की काढावी लागत. सामन्याच्या दिवशी पाऊस पहाटे थांबला. मी उजाडता उजाडता पोचलो. सगळं मैदान निथळत होतं, फक्त गॅलरीच्या बाजूचा पट्टा तळ्यासारखा चमकत होता. पोती अजून लावलेली होती. ओहोटी सुरू झाली होती.

बर्नार्ड सर तिथंच उभे होते.

"बालाजी," ते म्हणाले, "पोती राहू दे."

मला कळलं, तरी मी विचारलं, "का सर?"

"तो पट्टा ओला राहिला तर त्यांचा एक ना एक पळणारा पोरगा कायम चिखलात राहील. आपल्याला फक्त बरोबरी हवी आहे."

"रेफरी नाही म्हणेल."

"दुपारपर्यंत वरचं पाणी मुरेल, चिखल उरेल. एवढ्यासाठी नाही म्हणत नाहीत. बाकी मैदान चांगलं आहे. आणि चिखल दोन्ही संघांना सारखाच." मग आवाज उतरला. "मी तुला खड्डा खणायला सांगत नाही. पावसानं केलंय ते. तू फक्त काही करू नकोस."

आज इतक्या वर्षांनीही मी त्या बोलण्यात खोट काढू शकत नाही. नियमात कुठं लिहिलेलं नव्हतं की पोती किती वाजता काढायची. आणि सर स्वतःसाठी बोलत नव्हते. खाली गेलो तर किती घरांची चूल विझेल हे त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं. मी "बघतो" म्हणालो. ते निघून गेले.

गयाबाई फावडं घेऊन नालीच्या तोंडाशी बसली होती. मी तिला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

"आन् तुमी काय म्हंता भाऊ?"

"मला सुचत नाही."

ती उठली, पदर खोचला आणि पट्ट्यातून चालत गेली. घोट्याच्या वर पाणी, पाऊल उचलताना पचपच आवाज. अर्ध्यात एके ठिकाणी तिचा पाय रुतला. ती थांबली, हळू काढून घेतला आणि माझ्याकडं बघत म्हणाली, "ह्ये समदं त्या पोराचा पाय मोडला त्या खळग्यावानी झालंय."

मी म्हणालो, "काढा पोती."

आम्ही दोघांनी मिळून काढली. पाणी आधी गढूळ, मग जोरात खाडीकडं गेलं. दुपारपर्यंत काटे मारले, स्पंज फिरवला, वाळू टाकली. रेफरी आला, त्यानं त्या पट्ट्यात तीनचार जागी चेंडू टाकून बघितला, चेंडू नीट उसळला. त्यानं माझा खांदा थोपटला. मला ते थोपटणं सोसवलं नाही.

सामना बराच वेळ बरोबरीत होता. आमच्या पोरांनी जीव टाकला. शेवटाकडं त्यांचा एक खेळाडू गॅलरीच्या बाजूनं चेंडू घेऊन निघाला. त्याच पट्ट्यावरून. मी असं मैदान करून दिलं होतं की त्याचा एकही पाय चुकला नाही. त्यानं चेंडू आत दिला आणि गोल झाला. गयाबाईनं या वेळी गोंगाटावरून ओळखलं नाही, कारण गोंगाट झालाच नाही. अख्खं स्टेडियम गप्प होतं. ती माझ्याकडं बघून म्हणाली, "गेलं का?"

"गेलं."

क्लब खाली गेला. मालकानं पुढच्या वर्षी तो बंदच केला. बर्नार्ड सर मला त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. निघताना हात मिळवला आणि "पीक सांभाळ" म्हणाले. मला दुसऱ्या शहरातल्या क्लबनं बोलावलं, कारण चांगल्या मैदानाची चर्चा खेळाडू करतात. गयाबाईला तिथं घ्यायला मी खूप प्रयत्न केला. पण तिकडं माणसं ठेकेदार पुरवायचा आणि त्याला त्याचीच माणसं हवी होती. गयाबाई लेकीला घेऊन गावी गेली आणि पुढच्या दिवाळीनंतर पुन्हा ट्रकमध्ये चढली. मला हे मावशीकडून कळलं.

मी पुढं अनेक मैदानं केली. त्यातलं एक तर लोक अजून नावाजतात. पण जेव्हा जेव्हा कुणी माझ्या प्रामाणिकपणाची ती गोष्ट सांगायचं, आणि या धंद्यात ती पसरली होती, तेव्हा मला कोयताच दिसायचा. खरं वागल्याचं कौतुक माझ्या वाट्याला आणि किंमत तिच्या वाट्याला, असा हा हिशेब मला कधी पचला नाही.

रौप्यमहोत्सवाचा फोन आल्यावर मी परभणीहून पालमची एसटी धरली. गयाबाईचं घर विचारत विचारत गेलो. आता दोन पक्क्या खोल्या आहेत, पुढं पत्र्याची पडवी. लेक नर्स झाली आहे, नांदेडला असते. गयाबाई पडवीत तूर निवडत होती. केस पांढरे, पाठ थोडी वाकलेली. मला ओळखायला तिला वेळ लागला नाही.

"या भाऊ. गवत वाळलं का काय, इकडं कसं येनं केलं?"

चहा झाला, लेकीचं कौतुक झालं. मी आमंत्रणाचं सांगितलं. मग जे विचारायचं होतं ते विचारलं, "गयाबाई, त्या दिवशी मी पोती काढायला लावली, त्याचा तुम्हाला कधी राग आला नाही का?"

मला वाटलं होतं ती नाही म्हणेल. अशा वेळी माणसं नाही म्हणतात.

"आला की," ती म्हणाली. "लय आला. पहिल्या साली फडात कोयता मारताना तुमच्याच नावानं मारला. थंडीत उसाची पाती हाताला चिरायची, तवा म्हनायचे, ह्या बालाजीभाऊला कुनी सांगितलं व्हतं शहाणपन."

मी रिकामी कपबशी खाली ठेवली.

"मंग एक दिस ध्यानात आलं, त्यो शहाणपना निस्ता तुमचा न्हवता. पोती उचलायला एक बाजू माजी व्हती. तुमी काढा म्हनला नसता तरी म्या काढलीच असती." सुपातली तूर तिनं एकदा हलवली. "तुमी म्हनायलाव मी केलं, मी केलं. माजा काय हात न्हवता व्हय तिथं?"

इतकी वर्षं मी तिची कीव करत होतो, आणि त्या नादात तिच्या वाट्याचं काम मी माझ्या नावावर लावून बसलो होतो, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"येता का मग?" मी विचारलं.

"येती की. मैदान बघाया येती. भाषनं न्हाई ऐकायची."

पण भाषणं ऐकावी लागलीच. पूर्णेहून रेल्वेनं आम्ही गेलो. मोठं स्टेडियम, मैदानावरच मंच. गयाबाईनं आधी कडेला वाकून गवत चाचपलं. त्यात आता प्लास्टिकचे धागे विणलेले असतात, तुडवून टिकावं म्हणून. तिनं एक पातं ओढून बघितलं, ते आलंच नाही. "लय चिवट हाय," म्हणाली, आणि तोंड वाकडं केलं.

आम्हाला मागच्या रांगेत जागा होती. शेजारच्या खुर्चीवर एक म्हातारा बसला होता, हातात काठी, डोक्यावर टोपी. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि त्या जुन्याच आवाजात विचारलं, "आज काय म्हणतंय तुझं पीक?"

बर्नार्ड सर! मी वाकून नमस्कार केला. ते गयाबाईलाही ओळखत होते. मग गयाबाईनंच, कुणी काही न विचारता, त्यांना सांगितलं, "सायेब, त्या दिशी पोती आमी दोघांनी काढली. तुमी नगं म्हनला व्हता तरी."

"माहीत आहे," सर म्हणाले. "मी गॅलरीत उभा होतो. वरून दिसत होतं."

मी चमकलो. "मग थांबवलं का नाही सर?"

त्यांनी काठी दोन्ही हातांत धरली. "तुम्ही दोघं नालीच्या तोंडाशी बोलताना दिसलात, तेव्हाच थांबवायला निघालो होतो. अर्ध्या पायऱ्या उतरलो. ही बाई चिखलात चालत होती, तिचा पाय अडकला. तिथंच बसलो मी पायरीवर." त्यांनी टोपी सारखी केली. मग म्हणाले, "रोनीला मीच घेऊन आलो होतो त्याच्या घरून. त्याच्या आईला सांगून."

मंचावर एकेक सत्कार चालला होता. जिंकलेल्या संघांचे कर्णधार, त्यांचे कोच, सगळ्यात जास्त गोल करणारे. शाल, नारळ, फोटो. बर्नार्ड सरांचा संघ कधी लीग जिंकला नव्हता आणि शेवटी तर खाली गेला होता, त्यामुळे त्यांना मंचावरून कुणी पुकारलं नाही. ते प्रत्येकासाठी मनापासून टाळ्या वाजवत होते. शेवटी निवेदक म्हणाला, मैदानं सांभाळणारे आपले कर्मचारी आज आले आहेत, त्यांनी कृपया जागेवरच उभं राहावं.

मी उठलो. मागच्या रांगेत आणखी काही जण उठले, त्यातले एकदोन ओळखीचे. गयाबाई उठली, पदर सारखा केला आणि शेजारी बघितलं. सर बसले होते, हात टाळीसाठी उचललेले.

"उठा की सायेब," ती म्हणाली.

"हे तुमच्यासाठी आहे गयाबाई. मी कोच होतो."

"आसंना. तुमी बी त्याच चिखलातले." तिनं त्यांचं कोपर धरलं आणि ऊस ओढावा तसं त्यांना वर ओढलं. काठी खाली पडली. ती उचलायला मी वाकलो, तर ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या भाऊ, मी धरलंय त्यास्नी."

टाळ्या वाजत होत्या. आम्ही तिघं उभे होतो.